दुसरा पट्टा

दिवा राहू दे, मोबाईल तेवढे खाली ठेवा. आणि मधे खी-खी नको, सांगून ठेवतो. माझी मेहुणी नर्स आहे, तुम्ही पाहिलंय तिला. तिच्याच बाबतीत घडलेलं हे. दोन वर्षं झाली. डिसेंबरातला शेवटचा शनिवार, रात्री दीडचा सुमार.

वॉर्डातल्या सलाईनच्या सुया संपल्या म्हणून ती तळमजल्यावरून खोका घेऊन वर आली. रोजचंच काम. येऊन बघते तर खिडकीजवळच्या खाटेवरची बाई पांढरीफटक. दिवसभर जुलाब-उलट्या, त्यात हात सुजून सुई बंद पडलेली. लगेच दुसरी लागली नाही तर बाई हातची जाणार, हे मेहुणीला स्वच्छ दिसलं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये, जोडीची नर्स रजेवर. बाईचा नवरा दारातून नुसता म्हणत होता, "सिस्टर, काहीतरी करा हो."

तिने निळा रबरी पट्टा दंडाला आवळला. शिरा पार आत गेलेल्या. एकदा टोचलं, चुकलं. परत टोचलं, तिथे टेंगूळ आलं. ती रडायच्या बेतात आली.

आणि नेमक्या मोठ्या सिस्टर आठवल्या. त्यांनीच हिला हाताला धरून हे काम शिकवलेलं. "दोनदा चुकलीस की बाजूला हो, दुसरीला बोलाव," असं बजावायच्या. त्या रात्रीच्या वर्षभर आधी त्या याच खाटेवर वारल्या. तेव्हाही शीर शोधत होती ती हीच, आणि थांबली नव्हती. टोचत राहिली. गडबडीत दंडाचा पिवळा पट्टा, हिनेच वॉर्डाचा नंबर लिहिलेला, सोडायचा राहिला. तो बाहीखाली तसाच त्यांच्याबरोबर गेला. हिला घरी पोचल्यावर आठवलं. तेव्हापासून पोरीची झोप उडालेली.

आता बोलवायला दुसरी कोणी नव्हती. तिने तिसऱ्यांदा सुई उचलली. कोपराच्या खाचेत.

लाईट गेली.

काळोख. बाईचा श्वास... तोही तुटक.

मग मनगटावर एक हात. गार. हातमोज्यातूनही गार...

आल्या. जाब विचारायला आल्या, असंच वाटलं तिला. हात मागे ओढायला गेली. सुटेना.

त्या हाताने तिचं बोट ओढलं. कोपर सोडून... खाली... अंगठ्याच्या बाजूला. दाबलं.

बोटाखाली काहीतरी उसळलं. शीर.

तिने सुई घातली.

कानाशी, अगदी हळू... "पट्टा सोड."

तिने चाचपडत गाठ ओढली.

जनरेटर सुरू झाला. सुईत रक्त दिसलं. तिने नळी जोडली, थेंब पडू लागले. पहाटे बाईने डोळे उघडले, पाणी मागितलं. नवरा म्हणाला, "मी दारातच होतो, सिस्टर. आत कोणी आलं नाही."

मेहुणीच्या मुठीत निळा पट्टा होता.

आणि चादरीवर, बाईच्या दंडाजवळ... पिवळा. त्यावर वॉर्डाचा नंबर, मेहुणीच्याच अक्षरात.

गाठ तिने एकच सोडली होती. पण तोही सुटलेला होता.