साडेपाच किलोंचं मशीन

मशीन उचलून मी दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि मालवणच्या बाजारातून चालू लागले, तेव्हा मागून हाक आली, "गो बाये! खंय चललंस मशीन घेवन?"

मी वळले. दुकानाच्या दारात एक उंच, साठी उलटलेला माणूस उभा होता. कपाळावर चष्मा, हातात पेचकस. त्याच्या पाठीमागे दुकानदार, घाबराघुबरा.

"चोरूक नाय," मी म्हटलं. "वजन बघतंय. मासळी बाजारापर्यंत जातंय आणि परत येतंय."

"आणि परत इलंस नाय तर?"

"तर दमान थंयच बसलंय, असा समजा!"

तो खळखळून हसला. हे गुणाजी तोरसकर. बाजारात मशिनी दुरुस्त करतात, हे मला नंतर कळलं. 

मी गोधडी शिकवते. सोमवारी धामापुरात माझ्या घरी, गुरुवारी वालावलला, आणि महिन्यातून एकदा समुद्राकाठच्या एका घरी तीन दिवसांचं शिबिर, मुंबई-पुण्याच्या बायकांसाठी. माझं जुनं शिलाई मशीन चौदा किलोंचं. ते वाहून वाहून खांदा धरला. डॉक्टरांनी सांगितलं, आता जड उचलायचं नाही. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. शिकवणं थांबलं असतं तर मी घरात बसून भिंतींशी बोलायला लागले असते. म्हणून हलकं मशीन हवं होतं, आणि वजन कागदावर वाचून कळत नाही, चालून कळतं.

दुकानात परत आले तेव्हा चार किलोंचं ते मशीन मला पसंत पडलं होतं. पण गुणाजींनी माझ्या पिशवीतला गोधडीचा तुकडा मागून घेतला आणि सुईखाली घातला. खाली लुगडं, मध्ये जुनी चादर, वर ठिगळं. शिवण शिवणीवर चढली तिथे मशीन कण्हलं, टाके सुटले, आणि ते स्वतःच टेबलाच्या कडेकडे सरकायला लागलं.

"ह्यां शिवणा नाय, नाचता," ते म्हणाले. "हलक्या मशिनाक पकड व्हयी. तसा मशीन गावला की सांगतंय. तोपर्यंत माझ्याकडला जड घेवा... गुरवारी मी हाडून देतंय."

"तुमी कित्या त्रास घेतास?"

"स्कूटरीक त्रास. माका काय?"

गुरुवारी ते वालावलला आले. मशीन मांडून दिलं की निघून जातील असं वाटलं होतं, पण ते ओसरीवर बसले आणि म्हाताऱ्या बायकांच्या सुयांत दोरे ओवून द्यायला लागले. खाडीवरून ओलसर वारा येत होता. त्यांच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास होता. मला तो आवडायला लागला, हे मी स्वतःलाही लगेच सांगितलं नाही.

"सुगंधाबाय, तुमच्या केसांत दोरो आसा."

मी हात फिरवला.

"थंय नाय... हडे." त्यांचा हात अर्ध्यावर आला आणि थांबला. "जरा... उजवीकडे."

दोरा मीच काढला. तरी त्या दिवशी माझी रेघ दोनदा वाकडी गेली.

"सुगंधा," हौसाबाई सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "टाके वाकडे पडतत गो! डोळे खंय आसत तुजे?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गुणाजी सुईच्या नेढ्यात इतके रमले की वर बघेचनात.

आमच्या वेळी, लग्न ठरताना, यजमानांनी मला दहा मिनिटं पाहिलं होतं. मी त्यांना पाहिलंच नव्हतं, पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण एखाद्या माणसाला नीट, निवांत बघणं मला चौसष्टाव्या वर्षी जमलं. तो कसा हसतो, चहा बशीत ओतताना ओठ कसे पुढे काढतो, बायको गेल्याचं सांगताना पेचकस हातात कसा फिरवत राहतो...

दर आठवड्याला मी विचारायची, "तोरसकरानू, गावला काय हलका मशीन?"

"नाय अजून."

आणि दर वेळी मला हायसं वाटायचं. मशीन मिळालं की गुरुवारची ती स्कूटर यायची बंद होणार होती.

दिवाळी झाली. एका सोमवारी, वर्ग सुटल्यावर, ते धामापूरला आले. हातात खोका.

"बघा," एवढंच म्हणाले.

आतून लोखंडी सांगाडा, वरून हलकं आवरण. वरचं कापडही पुढे ओढणारा पाय त्यांनी बसवला होता. मी गोधडीची सगळ्यात जाड शिवण सुईखाली घातली. मशीन न अडखळता पार गेलं, जागचं हललंसुद्धा नाही. मग मी ते उचलून तळ्यापर्यंत गेले आणि परत आले. साडेपाच किलो. खांदा कुरकुरला नाही.

"जमला," मी म्हटलं.

"मगे झाला तर. आता तुमका कोणाची गरज नाय." ते वायर गुंडाळत होते, उगाचच हळूहळू.

"कधी गावला ह्यां?"

वायर थांबली. "...गणपतीच्या आदी."

"दोन म्हयने? आणि माका सांगूक नाय?"

"देवूक मन होयना." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पण गेल्या गुरवारी मी 'नाय अजून' म्हटलंय, आणि तुमी... हसलात. तां हसू मी खोटा बोलून घेतलंय असा वाटला. रात्रभर तांच डोळ्यासमोर. म्हणान हाडलंय. रागावलात काय?"

रागवायचं होतं मला. पण दोन महिने मीही देवाला तेच मागत होते, हे कुठल्या तोंडाने लपवू?

"तां हसू खोटा नव्हता," मी म्हटलं. "मशीन गावूक नाय म्हणान माका बरा वाटला होता."

ते बघत राहिले. मीही. ह्या वेळी अंगठ्याकडे नाही.

"गुरवारी वालावलाक येवा," मी म्हटलं. "मशीन माझा मी हाडतलंय."

"मगे मी काय हाडू?"

"काय नको. हात मोकळे ठेवन येवा."

गुरुवारी वालावलच्या एसटी थांब्यावर ते माझ्याआधी येऊन उभे होते. नवं मशीन मी डाव्या खांद्याला लावलं, आणि ते उजव्या बाजूने चालू लागले. खाडीच्या वळणावर, भर सकाळी, त्यांनी माझा हात धरला. समोरून हौसाबाई येत होती, डोळे विस्फारून. हात सोडवून घ्यावा, हे मला सुचलंच नाही.