फुलं उडाली आणि बोटं हरवली

पाळण्याची दोरी ओढली गेली, फुलं उडाली आणि वामनकाकांची बोटं नाहीशी झाली!

खरोखरची नव्हेत हो, पडद्यावरची. आंबेरीच्या राममंदिरात गेल्या रामनवमीला केलेलं संथगती चित्रण (वेगवान हालचाल सावकाश दाखवणारं चित्रण) वेणू पुन्हा पुन्हा बघत होती. कीर्तन रंगात आलेलं असताना काकांची पखवाजावरची बोटं कशी सुटी सुटी, अगदी नखांसकट दिसत होती. नेमका जन्माचा क्षण आला, की त्यांचा भाताचा गोळा! कॅमेरा तोच, उजेड तोच, हातही तोच. मग झालं काय?

वेणूचा जीव त्याच क्षणात अडकला होता. रामजन्माला काका एक खास बोल वाजवायचे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. एरवी मात्र तो कधीच नाही. "देवाच्या वेळेची वस्तू देवाच्याच वेळी," म्हणायचे. शिकवा म्हटलं, की हसायचे. "हात वाजवतो गं. कोणतं बोट कधी पडतं, मला कुठं ठाऊक?" आता ती बोटं आखडायला लागली होती. उद्याचा जन्म वाजवून काका पखवाज खाली ठेवणार होते. उद्याही बोटं दिसली नाहीत, तर तो बोल त्यांच्याबरोबरच संपणार.

"झिलू, असं का झालं रे?"

झिलू हा देवळातला यंत्रमानव. कीर्तनात गोदाताईंच्या मागे उभं राहून ध्रुवपद धरायचं, हे त्याचं झिलकऱ्याचं काम. म्हणून नाव झिलू.

"ताई, पदांच्या पुस्तकात प्रत्येक कडव्याखाली अख्खं ध्रुवपद छापतात का?"

"छे, नुसतं 'ध्रु' छापतात. जागा वाचते."

"कॅमेऱ्याच्या पोटातला कोडेक (चित्रं आवळून साठवायची आणि पुन्हा उलगडायची रीत) तेच करतो. भिंत, समई, खांब तेच ते. ते परत लिहीत नाही. बदललं तेवढंच लिहितो."

"मग फुलं उडाली की..." वेणू थबकली. "सगळंच बदलतं! प्रत्येक पाकळी दर चित्रात नव्या जागी. 'ध्रु' लिहिणार कुठं?"

"आणि सेकंदाला कागद मिळतो ठरावीकच! संथगतीसाठी तेवढ्यातच ढीगभर चित्रं लिहायची. मग तो मोघम लिहितो. पाकळ्यांनी कागद खाल्ला, बोटांना उरलाच नाही."

"मग उद्या फुलं उधळू नका म्हणून सांगू या."

पलीकडे हार ओवत बसलेल्या कीर्तनकार गोदाताईंनी मान वर केली. "रामजन्म आणि फुलं नाहीत? उद्या म्हणशील, सुंठवडाही नको!"

झिलूकडे दुसरी वाट होती. बाहेरचा रेकॉर्डर (साठवणीची वेगळी पेटी) कॅमेऱ्याला केबलनं जोडायचा. त्याच्या कोडेकला कागद भरपूर. तो प्रत्येक चित्र अख्खं लिहितो, 'ध्रु'वर भागवत नाही.

"मग जोड ना!"

"जरा दम धर. आपल्या कॅमेऱ्याची वाट अरुंद आहे. आत मावतात त्याच्या निम्मीच चित्रं केबलमधून बाहेर पडतात. चित्रं निम्मी, म्हणजे संथपणाही निम्मा. शिवाय पेटी भराभर भरते."

जास्त संथ पण गिचमिड, की कमी संथ पण स्वच्छ? वेणूनं वेणीचं टोक चावलं. मग म्हणाली, "फुलांच्या आधीचा भाग लाव. एक सोडून एक चित्र गाळून टाक."

झिलूनं गाळली. लय जन्माच्या बोलाइतकीच चढी होती, तरी बोटं एकापाठोपाठ एक, वेगवेगळी पडताना दिसली.

"निम्मी पुरतात! उद्या बाहेरचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाताईंनी जन्माचं पद उचललं आणि सारं देऊळ उठून उभं राहिलं. झिलूनं रेकॉर्डर सुरू केला. पाळण्याकडे एकच झुंबड उडाली आणि केबलला हिसका बसला. वेणू खाली बसली, केबलचं कॅमेऱ्याजवळचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून. पाळणा काही तिला दिसला नाही. दिसले नुसते पाय. केसांत पाकळ्या पडत होत्या आणि कानांवर तो बोल येत होता. तिनं टोक सोडलं नाही.

सुंठवडा वाटून झाला. देऊळ रिकामं झालं, तेव्हा पडद्यावर वामनकाकांचा हात उमटला. पाकळ्या, बुक्क्याचा कण न् कण आणि त्यांच्यामधून प्रत्येक बोट लख्ख! शेवटच्या थापेआधी करंगळी पुडीला (पखवाजाच्या तोंडावरच्या कातड्याला) हळूच टेकली आणि उठली.

"अरे देवा!" काका पडद्याजवळ सरकले. "जन्मभर मला वाटत आलं, हात एकदमच पडतो. ही करंगळी कधी शिकली हे?"

"काका, आता मी वाजवून बघू? पण वेळ तर टळून गेली..."

"शिकणाऱ्याची वेळ देवाचीच असते, पोरी."

वेणू इतकी हरखली, की तिला पुढचं सुचायला लागलं. "झिलू, तळ्यावर चतुर येतात ना, त्यांचे पंख टिपू या!"

"आतला कोडेक की बाहेरचा?"

"आतला! मागचं तळं स्तब्ध असतं, कागद पुरेल. पण पंख भलते जोरात, निम्म्या चित्रांत सापडायचे नाहीत. आणि मोठी झाले ना, की रुंद वाटेचा कॅमेराच बनवीन. म्हणजे सगळी चित्रं अख्खीच्या अख्खी बाहेर..."

"बनव हो, खुशाल बनव," म्हणत वामनकाकांनी पखवाज तिच्यापुढे सरकवला. "पण आधी करंगळी."