उताणी छक्की

एर्मेक दार चुकून शिवणखोलीत शिरला, तेव्हा बुरुलच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळे ‘कोण हवंय’ असं तिला विचारता आलं नाही, आणि ओल्या बर्फानं भिजलेला तो उंच माणूस तिलाच मॅनेजर समजून दोन मिनिटं स्वतःची ओळख करून देत राहिला. ओशहून आलोय, पत्त्यांची हातचलाखी करतो, हिवाळाभर बिश्केकच्या या सर्कशीत काम मिळालंय… मग त्याची नजर टेबलावरच्या घोड्याच्या झुलीवर गेली आणि तो थांबला.

“तुम्ही मॅनेजर नाही,” तो म्हणाला.

बुरुलनं एकेक करून टाचण्या काढल्या. “नाही. पण तुमच्या कोटाचं अस्तर फाटलंय, आणि ते काही मॅनेजर शिवून देणार नाहीत.”

कोट काढून ठेवावाच लागला. अस्तर फाटलं होतं ते आतल्या चोरखिशामुळे. त्याला तसाच नवा हवा होता, कुणाला दिसू नये पण हाताला न बघता सापडावा असा. कुठे, केवढा, तिरका की सरळ, हे बुरुलनं तीनदा विचारलं. शेवटी समजावून कंटाळलेल्या एर्मेकनं छत्तीस पत्त्यांचा जोड काढला आणि करूनच दाखवलं. सहा वर्षं कापड हाताळलेल्या बुरुलच्या बोटांना अजून कुणी फसवलं नव्हतं. पत्ता तिच्या डोळ्यांदेखत गेला आणि कुठे गेला ते तिला कळलं नाही. ती चिडली. चिडायला तिला छानही वाटलं.

सौदा ठरला. ती खिसा शिवणार, तो एक खेळ शिकवणार.

शिवणखोलीच्या मुख्य होत्या सायकाल एजे. एजे म्हणजे ताई. साठीच्या बाईंना सगळी सर्कस एजेच म्हणायची. यंत्रावरून मान वर न करता त्यांनी बजावलं, “एकच शिकव हं. दोन शिकवलेस तर ही माझं काम टाकून पळेल.”

तो एक खेळ म्हणजे खोटी मोजणी. चार पत्ते घ्यायचे. तीन पालथे, आणि तिसऱ्या जागी एक उताणा. मग समोरच्याला एक, दोन, तीन, चार असे मोजून दाखवायचे. दिसायला हव्यात चार निळ्या पाठी. उताणा पत्ता दुसऱ्या पत्त्याच्या पोटाखालून निघून जातो आणि एक पाठ दोनदा मोजली जाते. एर्मेकनं तिच्यासाठी उताणा पत्ता ठरवला तो इस्पिकची छक्की, छत्तिसाच्या जोडात तिच्या खाली पत्ताच नसतो, सगळ्यात हलकी तीच, म्हणून. एक नियम त्यानं पहिल्याच दिवशी सांगितला होता: मोजण्याआधी गठ्ठा एकदा आपल्याकडे वळवून बघून घ्यायचा, आत काय आहे ते.

घरी आरशापुढे बुरुलला महिनाभरात सगळं जमलं. एर्मेकपुढे मात्र छक्की दर वेळी डोकावायची.

“तू श्वास धरतेस,” तो म्हणायचा. जानेवारीत तो ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आला होता. बुरुल एजेंसमोर ‘तुम्ही’ म्हणायची आणि एजे बाहेर गेल्या की ‘तू’.

“तू बघतोस म्हणून धरते.”

“मग नको बघू?”

“मी तसं कुठं म्हटलं…”

मग तो तिचा अंगठा धरून पत्त्याच्या कडेवर नीट ठेवायचा. हे अंगठा धरणं बुरुलला इतकं आवडायचं, की पुढे पुढे छक्की डोकावायची ती आपण होऊन नव्हे, बुरुलच तिला डोकावू द्यायची. एजेंना हे ठाऊक असावं. त्या खोकायच्या आणि चहा आणायला जायच्या. कळत नव्हतं ते फक्त त्याला, ज्यानं फसवण्यावरच पोट भरलं होतं.

“ज्या दिवशी मला फसवशील ना,” तो एकदा हसत म्हणाला, “त्या दिवशी जोडीदार म्हणून तुला रिंगणात घेऊन जाईन.”

तो थट्टेत म्हणाला. तिनं ते मनात पक्कं धरून ठेवलं.

एप्रिलमध्ये त्याला ताश्कंदचं दोन वर्षांचं काम मिळालं. ही बातमी त्यानं एजेंना सांगितली, बुरुलच्या देखत, पण बुरुलला नाही. तिच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. रात्रभर ती जळत राहिली आणि पहाटे तिला आठवण झाली ती त्या अटीची. ठरलं. आता लाडीगोडी नाही, अंगठा धरून घेणं नाही. आज त्याला फसवायचं, म्हणजे त्याला आपल्याला घेऊन जावंच लागेल.

त्या दिवशी बाहेर पाऊस होता. एर्मेक आला, खिशातून चार पत्ते काढून त्यानं तिच्या हातात दिले. आज त्याचेच कान लाल होते.

“शेवटची परीक्षा,” तो म्हणाला आणि ओला कोट खुंटीला लावायला वळला. अंमळ जास्तच वेळ लावला त्यानं. गठ्ठा बघून घ्यायला लागतो तेवढा.

बुरुलनं गठ्ठा बघितला नाही. आत काय असतं ते तिला पाठ होतं. तो वळेपर्यंत ती तयार होती, आणि त्याच्या डोळ्यांत बघत, श्वास न धरता तिनं मोजलं. एक. दोन. तीन. चार. चार निळ्या पाठी. छक्कीची कोरसुद्धा दिसली नाही.

“काही दिसलं?” तिनं विचारलं. आनंदानं तिचा चेहरा फुलला होता.

एर्मेक तिच्याकडे बघत राहिला. “नाही,” तो हळूच म्हणाला. “काहीच दिसलं नाही. शिकलीस तू… पुरती शिकलीस.”

आता तो पुढचं बोलेल म्हणून ती थांबली. हाताला काहीतरी हवं म्हणून चहा ओतायला लागली. लक्ष त्याच्या ओठांकडे, आणि पियाला काठोकाठ भरला. आम्हा किर्गिझांकडे पाहुण्याला चहा अर्धाच देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसून राहतो. काठोकाठ भरून दिला की पाहुणा समजतो काय ते, आणि उठतो. तसा एर्मेक उठला. चहा मात्र त्यानं सगळा प्यायला, उभ्या उभ्या, जीभ भाजेल इतका गरम. पत्ते टेबलावरच राहिले. दारात त्यानं मान लववली, जशी प्रेक्षकांपुढे लववतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं गेला.

बुरुल आठ दिवस दाराकडे बघत होती. मग तिला राग आला. ते चार पत्ते तिनं न बघताच रबर लावून बटणांच्या डब्यात फेकले आणि त्या डब्याला पुन्हा हात लावला नाही.

ऑक्टोबरमध्ये नव्या वर्षाच्या खेळांचे पोशाख निघाले, बटणं लागली, डबा उपडा झाला. वाळलेला रबर तुटला. तीन पत्ते पालथे पडले, चौथा उताणा. तीच रोजची छक्की. इस्पिकांच्या मधल्या पांढऱ्या जागेत निळ्या शाईत, त्याच्या बारीक तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘ताश्कंदला येशील? जोडीदार म्हणून नाही, बायको म्हणून.’

बुरुल जमिनीवरच बसली. तो धरून चालला होता की पत्ता नेहमीसारखा डोकावेल, ती वाचेल, हसेल किंवा लाजेल. आणि डोकावला नाही तरी गठ्ठा बघताना ती वाचेलच. तिनं वाचलं, सफाईनं लपवलं, वर हसून विचारलं ‘काही दिसलं?’… असंच तो समजला असणार. सहा महिने तसंच समजत असणार.

“फोन कर,” एजे म्हणाल्या. “आत्ता कर. माणूस म्हणजे काही डब्यातला पत्ता नव्हे, ठेवला तिथे राहायला.”

पण बुरुलचं म्हणणं, हे फोनवर सांगायचं नसतं. डिसेंबरात तो खेळांसाठी येणार, असं मॅनेजर म्हणत होते. समोरासमोर सांगू. दोन महिने ती एकच वाक्य घोकत होती: ‘मी तो पत्ता पाहिलाच नव्हता.’ रस्त्यानं जाताना, भांडी घासताना, ओठांतल्या ओठांत. त्या दोन महिन्यांत ती इतकी सुखात होती, की एजेंना पुन्हा ‘फोन कर’ म्हणवेना.

डिसेंबरात एर्मेक आला. बरोबर नोदिरा होती, ताश्कंदची, उन्हाळ्यात त्याच्याशी लग्न झालेली, त्याच्याच खेळातली जोडीदार. पोरगी हसरी, लाघवी. आल्या आल्या तिनं बुरुलच्या गळ्यात हात टाकला आणि कानात सांगितलं की रिंगणातला पोशाख कमरेत सैल सोडायचाय, कारण… आणि लाजली. बुरुलनं तिच्या कमरेभोवती पट्टी धरली, माप लिहून घेतलं.

नोदिरा पुढे गेली. तो दारात घुटमळला.

“एक विचारायचंय,” तो म्हणाला. “विचारू नये खरं.”

“विचार ना.”

“त्या दिवशी मोजायच्या आधी तू गठ्ठा पाहिला होतास ना? वाटेत एकदा वाटलं, नसेलच पाहिला. बस थांबवून मागे फिरणार होतो.”

“मग फिरला का नाहीस?”

“चहा भरला होतास.”

दोन महिने घोकलेलं वाक्य बुरुलच्या जिभेवर आलं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. त्याचं तिच्यावर प्रेम होतं आणि तिचं त्याच्यावर, आणि त्या दोघांत हे दोन्ही तिला एकटीलाच माहीत होतं. बोळातून नोदिरानं त्याला हाक मारली.

“पाहिला होता,” बुरुल म्हणाली. “तोंडावर नाही म्हणवेना मला. म्हणून चहा भरला.”

मग त्याचे खांदे सैल झाले. “बरं झालं विचारलं,” तो म्हणाला. “उगाच मनात राहिलं असतं.” आणि हाक आली होती तिकडे गेला.

माप घ्यायच्या पडद्याआडून एजे बाहेर आल्या. “हे काय बोललीस, पोरी?”

“चार बोटं सोडून भागणार नाही, एजे,” बुरुल पोशाख उलटा करत म्हणाली. “आठ सोडू या. तिला पुढेही पुरायला हवा.”

तिनं शिवण उसवली, कापड जोडून धरलं, सुई घेतली. पण दोरा काही केल्या ओवला जाईना. एजेंनी तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.