परस्पर वळवलेला मेल

सकाळचे पेशंट आटपून ती आपल्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली. तिच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण बसला होता... आणि समोर तिचीच मेलपेटी उघडी!

"कोण तुम्ही?"

"सर्व्हर बघणारा," तो गडबडून उठला. "तुम्हीच तक्रार केली होती ना, मेल येत नाहीत म्हणून?"

"तक्रार केली होती. मेल वाचायला नव्हतं सांगितलं."

"वाचत नाहीये हो... शोधतोय."

तो हसला. गालाला खळी पडली. चोरांनाही खळी पडते, तिने स्वतःला बजावलं.

डोळ्यांचा हा दवाखाना तिच्या काकांचा. तिथे ती डॉक्टर होती. दूरच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तिने फेलोशिपसाठी अर्ज केला होता. मैत्रिणीला कधीच उत्तर आलं होतं. हिच्याकडे मात्र चिडीचूप.

"तुमच्या मेलपेटीत काहीच बिघाड नाही," तो म्हणाला. "नियम थेट सर्व्हरवर लावलाय. 'फेलोशिप' हा शब्द दिसला की तो मेल तुमच्याकडे येत नाही, परस्पर दुसऱ्याच, बिननावाच्या पत्त्यावर जातो."

तिच्या अंगावर काटा आला. "कुणी लावला?"

"ज्याच्याकडे सर्व्हरचा पासवर्ड आहे, त्याने."

"म्हणजे कोण?"

"मी... आणि तुमचे काका."

"काकांना मेलला साधा फोटो जोडता येत नाही!"

"पण नियम मी इथे येण्याआधीचा आहे."

"हे तुम्हीच सांगणार!"

"मग पडताळून बघू. मी तुम्हाला त्याच शब्दाचा मेल पाठवतो. हलू नका, माझ्या हातांवर नजर ठेवा."

ती अगदी खेटून उभी राहिली — संशयाने, दुसरं काही नाही! त्याने काहीतरी झरझर टाइप केलं आणि पाठवलं. तिची मेलपेटी रिकामीच राहिली.

शेजारच्या खोलीत मात्र 'टिंग' वाजलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पुन्हा," ती कुजबुजली.

पुन्हा मेल... पुन्हा टिंग.

मधलं दार उघडलं. काका फोन डोळ्यांजवळ धरून वाचत होते, "'फेलोशिप. डॉक्टर, माझ्यावर असंच लक्ष ठेवत राहा.' हा काय चावटपणा? कोण आहे हा गाढव?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लाजेने की रागाने, तिलाच कळेना.

"काका... माझे मेल तुमच्या फोनवर?"

काकांचा चेहरा पडला. ते मटकन खुर्चीत बसले. "आधीच्या सर्व्हरवाल्याकडून करून घेतलं मी."

"पण का?"

त्यांनी हात पुढे केला. बोटं थरथरत होती. अलीकडे सगळी ऑपरेशनं आपल्याच वाट्याला का येतात, हे तिला आत्ता उमगलं.

"तू गेलीस तर माझ्या पेशंटना कोण बघणार गं?"

"मला विचारायचं होतंत, काका. चोरून नाही." तरी तिने तो हात दोन्ही हातांत घेतला. "आधी हा हात तपासून घ्यायचा. पेशंटच्या ऑपरेशनांसाठी बाहेरचा डॉक्टर बोलवू. आणि... मी जाणार."

काकांनी डोळे पुसले, मान हलवली आणि मुकाट्याने फोन त्या तरुणाच्या हातात दिला.

त्याने नियम काढून टाकला, अडवलेले मेल परत आणले. तिची निवड झाली होती! होकार कळवायला अजून वेळ होता.

काका गेल्यावर ती त्याच्याकडे वळली. "मी तुम्हाला चोर समजले."

"मला चाललं. तेवढं लक्ष तरी मिळालं."

"मी जाणार याचं काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना..." तो खाली बघत म्हणाला. "खूप वाटतं. पण तुमचा मेल मी नाही अडवणार."

कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणाच्या बोलण्याचा संशय आला नाही.

"मग लिहाल मला?" तिने हळूच विचारलं.

"रोज."

"रोज नको," ती हसली, "...बरं, रोज."