हिवराखालचा कॅमेरा

गोफणीचा दगड शिवशंकरच्या कानाजवळून सूं करत गेला, म्हणून वाचला बिचारा!

धर्मापुरीच्या माळावर, हिवराच्या झाडाशी कुणीतरी वाकून बसलेलं दिसलं आणि मेंढरं राखणाऱ्या बबिताला वाटलं, मेंढीचोर. तिनं आधी गोफण फिरवली, मग ओरडली, "कोन हाय रं तिकडं?"

"मानूस हाय!" दोन्ही हात वर करून एक पोरगा उठला. हाच शिवशंकर, अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकणारा, लांडग्यांचा अभ्यास करणारा. झाडाला तो कॅमेरा बांधत होता... समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा.

"लांडग्याचा फोटो कावून? लगीन ठरवायचंय व्हय त्याचं?"

"त्याचं न्हाई..." एवढंच म्हणून तो स्वतःच लाजला.

दर रविवारी तो कॅमेऱ्यातलं कार्ड न्यायला येई. मधल्या दिवसांत बबिताची मेंढरं पाण्यावर जाताना उगाचच हिवराखालून जायची. एकदा तिनं केसांत तरवडाचं पिवळं फूल खोचलं. एकदा तर कॅमेऱ्याला चक्क जीभ काढून दाखवली!

"तरवड लई शोभतं," पुढच्या रविवारी तो म्हणाला. "म्हंजे... माळाला."

"माळालाच ना?"

"माळालाच."

खोटारडा कुठला! तिला दिवसभर हसू आवरलं नाही.

आणि एका रविवारी सकाळी मेंढरांच्या वाड्यातून ओढून नेलेली दोन कोकरं हिवराजवळ फाडलेली सापडली. बबिताचा बाप, बिभीषण, संतापानं नुसता थरथरत होता. "वर्साला एक कोकरू लांडग्याचं, ही आमची आज्या-पंज्यापासूनची रीत. त्यो हाय म्हनून रानडुकरं पिकात मातत न्हाईत. पन एका रातीत दोन? ही हाव झाली!" पाटीत गोवऱ्या, खिशात काडीपेटी. लांडगीच्या बिळात धूर करायला तो निघाला होता.

त्या बिळात नुकतीच दुडदुडू लागलेली पिलं होती. बबितानं ती लांबून पाहिली होती.

तेवढ्यात शिवशंकर आला. त्यानं घाईघाईनं कार्ड लॅपटॉपला लावलं. "मामा, थांबा! हे बघा, मोकाट कुत्री हायेत. लांडगा न्हाईच!"

"एक फोटो कुठूनबी आनशील. पयल्यापासून समदं दाखव."

शिवशंकरचा हात थबकला. त्यानं बबिताकडं पाहिलं. समदं म्हणजे... ती पण! बापानं ते पाहिलं की तिचं माळावर येणं बंद, आणि त्याचंही. तो काही तरी सबब सांगणार, तोच ती पुढं झाली.

"दाखवा," ती म्हणाली. तिनंच लॅपटॉप बापाकडं फिरवला.

ससा. लांडगी. फूल खोचलेली बबिता. मोर. हनुवटीखाली हात धरून कॅमेऱ्याकडं बघत बसलेली बबिता. पुन्हा बबिता. आणि शेवटी कोकरू ओढणारी कुत्री.

बिभीषणनं गोवऱ्यांची पाटी खाली ठेवली.

"लांडगीवर उगंच आळ घेतला म्या," तो म्हणाला. मग शिवशंकरकडं वळला. "कोकरू कुनी नेलं ते कळलं. आता पोरगी कोन नेतंय?"

"मी... इचारूनच नेनार होतो, मामा."

"आल्यापासून मामा-मामा करतोय, तवाच वळखायला पायजे होतं!" बिभीषणला हसू फुटलं. "आईबापाला घेऊन ये. ह्या फोटोच्या डब्याम्होरं बसून सोयरीक होत न्हाई."

पुढच्या रविवारच्या कार्डात आधी लांडगी दिसली, मागं धडपडत चाललेली तिची पिलं. त्यानंतर बबिता. केसांत तरवड होतं... पण या खेपेला तिनं जीभ काढली नव्हती. पदरानं तोंड झाकून ती लाजत होती.