अप्पांच्या हेडफोनचं चार्जिंग

श्रावण सरत आला होता, तरी पाटणचा पाऊस काही हलायला तयार नव्हता. पेठेतल्या मोबाईलच्या दुकानाच्या पायरीवर एक उंच, फौजी केसांचा तरुण येऊन थांबला. स्वतः नखशिखान्त भिजलेला, आणि छत्री मात्र हातातल्या पिशवीवर धरलेली!

काउंटरमागं बसलेल्या राजेश्वरीला हसू आवरेना.

"आवं, पिशवीला सर्दी होईल म्हणून का?"

"पिशवीत आमच्या अप्पांचं कान हायती," तो गंभीरपणे म्हणाला.

पिशवीतून निघाले ते हेडफोन. बिनवायरचे, अख्खा कान झाकणारे, चांगले भारीतले. त्याचं नाव शिवतेज. मोरगिरीकडचा. रजेचे अकरा दिवस उरलेले. त्याचे वडील जोतीराम तोफखान्यातले निवृत्त सुभेदार. तोफांनी त्यांच्या कानात कायमची एक शिट्टी ठेवून दिली होती. हेडफोनवर नदीचा, पाखरांचा आवाज लावला की ती दबायची आणि म्हाताऱ्याला चैन पडायचं. पण आता हात थरथरत होते.

"चार्जिंगची पिन त्या बारीक भोकात जातच न्हाई त्यांच्या हातनं. मी हाय तवर लावतो. पुढं कोण लावणार? आई गेली दोन वर्सांमागं. घरात तिसरं माणूस न्हाई."

राजेश्वरीनं हेडफोन उलटसुलट करून पाहिले. उत्तर तिला तिथंच ठाऊक होतं. मागच्या कपाटात याच कंपनीचा एक स्टँड होता. त्यावर हेडफोन नुसते टांगायचे, चार्जिंग आपोआप सुरू. तिचा हात कपाटाकडे गेलासुद्धा... आणि सहज तिनं वर पाहिलं. त्याच्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता, आणि तो पुसायचं त्याला भान नव्हतं. तो तिच्याकडेच बघत होता.

हात माघारी आला.

"आधी हे वापरून बघा," ती म्हणाली. "चुंबकाची पिन आहे. हे टोक भोकात बसवून ठेवायचं. वायर जवळ नेली की आपणहून चिकटते. नाही जमलं तर उद्या सांगायला या."

"आन् जमलं तर?"

"तर... तरी या. गिऱ्हाइकाचं समाधान झालं का ते कळायला नको?"

दुसऱ्या दिवशी तो आला. जमिनीकडे बघत म्हणाला, "न्हाई जमलं."

मग तिनं चार्जिंगची तबकडी दिली. वरती नुसतं ठेवायचं, वायर नाही, काही नाही. या हेडफोनना ती चालत नाही, हे तिला पुरतं माहीत होतं! तबकडी परत आली. मग पॉवर बँक, कारण मोरगिरीत लाईट सारखी जाते. मग लांब वायर. रोज काही ना काही बिनसायचं आणि रोज हेडफोन रिकामे होऊन यायचे.

"दहा मिनिटं लावलं की तीन तास चालतील," ती सांगायची. "बसा तोवर."

तो बसायचा. दहा मिनिटांची वीस व्हायची...

"तुमी रोज हितंच असता?"

"नाही, कधीकधी महाबळेश्वरला असते थंड हवेला."

"लय तिखट हाय जीभ."

"चहा गोड घ्या मग."

प्रेम असं आडवाटेनंच येतं. त्या दोघांना वाटत होतं, आपण वायरींबद्दल बोलतोय. तो तिला बर्फातल्या चौकीचं सांगायचा, तिथं बॅटरी अंगाशी धरून उबेत ठेवावी लागते. ती त्याला गिऱ्हाइकांच्या गमती सांगायची. एकदा पैसे घेताना बोटाला बोट लागलं, तर दोघंही नोटेकडेच बघत राहिले.

फक्त एक गोष्ट राजेश्वरीच्या काळजात टोचत होती. सांगलीचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, माणसं चांगली. वडिलांनी रविवारपर्यंत विचार करायला वेळ दिला होता. आणि शिवतेजची रजा संपत होती शनिवारी. त्याआधी तो एक शब्द बोलला, तर ती वडिलांना सरळ नाही म्हणणार होती. एकच शब्द!

शनिवारी तो आला तो पाठीला बॅग अडकवूनच. राजेश्वरीनं कपाटातून स्टँड काढला.

"हा आजच आलाय कंपनीकडून," ती खोटं बोलली. "नुसतं टांगायचं. जाता जाता अप्पांकडं पोचवायला सांगा कुणाला."

"व्हय." त्यानं स्टँड घेतला. जायला मात्र पाय उचलेना.

तीच मग धीर करून म्हणाली, "उद्या सांगलीला होकार कळवायचाय... माझ्या लग्नाचा."

तो पायरीवरून वाहणाऱ्या पाण्याकडे बघू लागला.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "सांगलीत... लाईट जात नसंल."

आणि गेला.

रविवारी तिनं होकार दिला. घरात पेढे वाटले गेले. तिनंही अर्धा खाल्ला.

पुढच्या सोमवारी दुपारी एक म्हातारा दुकानात आला. गळ्यात हेडफोन, थरथरत्या हातात पिशवी. तिनं न सांगताच ओळखलं आणि पुढं होऊन स्टूल दिलं.

"ह्या वायरी ठिव बाई माघारी," जोतीराम मोठ्यानं म्हणाले. "एवढ्या काय करायच्या? ती चुंबकाची पहिल्याच दिवशी बसली की झकास. मी म्हणलं पोराला, झालं काम. तर म्हणतोय, न्हाई अप्पा, अजून बघू. रोज सकाळी माझ्या कानावरनं काढून घ्यायचा, आन् बॅटरी संपस्तवर सोताच गाणी ऐकत बसायचा. संपली की निघाला पाटणला!"

राजेश्वरीच्या हातातली वायर हातातच राहिली. म्हाताऱ्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"तुला काय बोलला न्हाई त्यो?"

"नाही."

"आन् तू?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं. "गुरुवारी साखरपुडा आहे माझा, अप्पा."

"तुझ्या बापाशी बोलू? अजून काय बिघडलं न्हाई."

"तुमच्या मुलानं विचारलं असतं, तर घरी मीच बोलले असते. आता तिकडं शब्द गेलाय. माणसं आनंदात आहेत."

जोतीरामांनी खिशातून फोन काढला, दोनदा चुकून तिसऱ्यांदा नंबर लावला, फोन तिच्या हातात दिला आणि हेडफोन कानावर चढवून रस्त्याकडे तोंड करून बसले.

"अप्पा?" पलीकडून आवाज आला. वारा घोंघावत होता.

"मी आहे."



"चार्जिंग... हुतंय न्हवं नीट?"

"होतंय. पहिल्या दिवसापासूनच होत होतं म्हणे."

तिनं हातातली वायर गुंडाळून काउंटरवर ठेवली.

"आणि तो स्टँडही पहिल्या दिवसापासून कपाटातच होता," ती म्हणाली.

तो हसला. तीही हसली. आणि हसता हसता तिला पुढचं दिसेनासं झालं.

"का नाही विचारलंत?"

"आईनं बावीस वर्सं अप्पांच्या रजा मोजल्या, राजेश्वरी. दारात बसून. मी बघितलंय." त्यानं पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. "तुमाला तसं बसवायचं... जीव झाला न्हाई."

"मोजल्या असत्या मी," ती म्हणाली. "मला येतं मोजायला."

पेठेतून एक बैलगाडी गेली, शाळा सुटलेली पोरं ओरडत गेली. पलीकडं कुणीतरी शिवतेजला हाक मारली, पुन्हा मारली. त्यानं ओ दिली नाही. तिनंही फोन ठेवला नाही.