आतून एक टकटक

खोटं वाटलं तर वाचू नका. पटवून द्यायला मी बसलेली नाही. जे घडलं ते माझ्या कानांनी ऐकलंय. आणि रात्रीबित्री नाही... सकाळी दहाला, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, आमच्या कॉलेजच्या पदव्युत्तर वसतिगृहात. तिसऱ्या मजल्यावर.

मी तिथे विद्यार्थी कल्याण विभागात आहे. नाव मोठं. काम दारं वाजवायचं.

चौदा खोल्या, चौदा संशोधक. कुणी प्रबंध लिहितंय, कुणी लिहितोय असं घरी सांगतंय. रोज सकाळी प्रत्येक जण ठीक आहे ना, ते बघायचं आणि वहीत बरोबरची खूण करायची. आधी आम्ही दार उघडायला लावून तोंड बघायचो. मग तक्रारी आल्या. लिहिताना तंद्री मोडते म्हणे. साहेबांनी, म्हणजे कल्याण अधिकाऱ्यांनी, बैठक घेतली आणि तोडगा काढला.

बाहेरून आपण दोनदा टकटक करायची. आतून एक टकटक आली की माणूस ठीक.

दार उघडायचं नाही. बोलायचं नाही.

"बघा मावशी, किती वेळ वाचला तुमचा!" साहेब म्हणाले होते.

वाचला. मीही खूश होते. कशाला खोटं बोलू?

अकरा नंबरमध्ये मुंगी राहायची. स्वतःच्या वजनाएवढी पुस्तकं उचलून पळायची, म्हणून मीच तिला मुंगी म्हणायचे. "मावशी, मुंगीला साखर तरी मिळते, मी नुसते कागद खाते," म्हणायची.

त्या बुधवारी जिन्यात भेटली. डोळे लाल. हात लावला तर चटका.

"डॉक्टरकडे जा गं बाई."

"सोमवारी प्रकरण द्यायचंय मावशी. मग मरायला मोकळी."

हसली. मीही हसले.

गुरुवारी दोनदा टकटक केली... आतून एक आली. खूण.

शुक्रवारी... आली. खूण.

शनिवारी जरा उशिरा... पण आली. खूण.

रविवारी कल्याणाला सुट्टी असते.

सोमवारी माझी फेरी व्हायच्या आधीच तिच्या मार्गदर्शकांचा फोन आला. प्रकरण पोचलं नव्हतं. माणसाची नाही, कागदाची आठवण झाली होती. तिचा फोन लागेना, हाकांना ओ येईना, दाराला आतून कडी, तेव्हा दार तोडलं.

डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेला. बुधवारी आणली असती तर वाचली असती.

गुरुवारी पहाटेच गेली होती.

मी वही उघडली. गुरुवार. शुक्रवार. शनिवार. तीन खुणा, माझ्या हातच्या.

रडू आलं नाही. हात तेवढे जड झाले. अजून तसेच आहेत.

साहेबांनी दार लावून घेतलं. "मावशी, खरं सांगा. टेबलावर बसल्या बसल्या खुणा केल्यात ना?"

"नाही साहेब. आवाज आला होता."

"मेलेलं माणूस टकटक करतं का?"

"ते मला नका विचारू."

मग आवाज मऊ केला. "शेजारच्या खोलीतला आवाज ऐकून फसले, असं लिहून द्या. पद्धतीला बोल लागायला नको."

मी लिहून दिलं. पोट आहे मलाही.

मुंगीची आई सामान न्यायला आली. एकच विचारलं. "शेवटचं तुम्हालाच उत्तर दिलं ना हो तिने?"

मी हो म्हणाले.

"मग बरं," म्हणाली. आणि पुस्तकांची पिशवी उचलायला वाकली.

तीन महिन्यांनी अकरा नंबरमध्ये नवी मुलगी आली. पद्धत तीच. मी दोनदा वाजवायचे, आतून एक यायची. खूण. असे तीन आठवडे गेले.

एक दिवस ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. कमरेवर हात.

"मावशी, सगळ्यांची दारं वाजवता, मीच काय घोडं मारलंय तुमचं?"

"रोज वाजवते की. तू उत्तरही देतेस."

"मी? दहा वाजता माझ्या कानात हेडफोन असतात. मला बॉम्ब फुटला तरी कळत नाही."

"मग टकटक..."

"मी एकदाही केलेली नाही."

तिला मुंगीचं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांनाच दारं उघडायला लावली. बोंबाबोंब झाली. "मावशी, पोलिसात जायचं होतं तुम्ही!" असंही ऐकलं. म्हणू देत. चिडलेलं माणूस जिवंत असतं.

साहेबांनी बोलावलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधेच पेन उघडून कसलीतरी सही केली.

"मावशी, चार दिवस घरी आराम करा."

आरामाला जायच्या आधी मी मजल्यावर एक चक्कर मारली. चार नंबरचा मुलगा गावी गेला होता. बाहेरून कुलूप मीच लावलं होतं. पुढे जाता जाता सवयीने हात गेला... दोनदा.

आतून एक आली.

मग मी नऊ नंबरकडे गेले. तिथेही कुलूप होतं.

दोनदा वाजवलं...

एक आली.

धावले नाही. ओरडले नाही. खाली येऊन पाणी प्यायले.

काल घरी पत्र आलं. सोमवारपासून ठरलेल्या पद्धतीनेच काम करावं, दारं उघडायला लावू नयेत, सगळ्या खोल्यांना लागणारी चावी कार्यालयात जमा करावी.

सोमवारी दहा वाजता मी टकटक करीन. चौदा उत्तरं येतील. ती येणारच.

चावी मी अजून परत केलेली नाही.